घर छोटं चालतं, मग अडतं कुठे? टायनी हाउस आणि आपल्या इंदूरचे नियम

इंदूरच्या मराठी घरांमध्ये हल्ली एक विषय सारखा निघतो. राजेंद्र नगर असो, सुदामा नगर असो की वैशाली नगर, मुलं पुण्या-बंगळूरला गेलेली, दुमजली घर झाडता-पुसता अंगावर येतं, आणि मोबाइलवर रोज तीच जाहिरात दिसते. शेताच्या कडेला ठेवलेलं छोटंसं सुबक घर, पुढे लाकडी फळ्यांचा ओटा, एका भिंतीला मोठी काच, आत पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. ट्रेलरवरून येतं, क्रेनने उतरवतात, आठवडाभरात राहायला तयार. नव्याने नोकरीला लागलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनाही ते तितकंच खुणावतं, कारण शहरातल्या फ्लॅटचा हप्ता त्यांच्या पगारात बसत नाही.

मग हिशेब असा मांडला जातो: शहराबाहेर, राऊच्या पुढे किंवा सिमरोलकडे सहाशे-हजार फुटांचा एक तुकडा घ्यायचा आणि त्यावर असं घर आणून ठेवायचं. पक्कं बांधकामच नाही, तर नक्शा, म्हणजे बांधकामाचा आराखडा, पास करायची भानगड कशाला?

या हिशेबात एक मोठी गफलत आहे, आणि तिच्यापायी लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. घर लहान आहे म्हणून आपल्याकडचा कायदा सहसा कोणाला अडवत नाही. तो अडवतो जमिनीपाशी.

केवढ्या घराला टायनी म्हणायचं?

ही कल्पना गाजली अमेरिकेत. तिथल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत २०१८ साली टायनी हाउससाठी वेगळं परिशिष्ट जोडलं गेलं. पोटमाळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतचं घर ते टायनी, अशी त्यात व्याख्या आहे. तिथलं नवं घर सरासरी २,४०० चौरस फुटांच्या आसपास असतं, तेव्हा त्यांना हे एवढंसं वाटणारच.

४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. इंग्लंडमध्ये २०१५ साली घरांच्या आकाराचं जे राष्ट्रीय मानक आलं, त्यात एकट्या माणसाच्या, शॉवर असलेल्या घरासाठी कमीत कमी ३७ चौरस मीटर सांगितले आहेत. एका देशात जी टायनीची कमाल मर्यादा, तीच दुसऱ्या देशात किमान. आणि आपल्याकडे? २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीचं घर ३० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं होतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. तेही एकट्याचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं. अमेरिकन टायनी हाउस आपल्या त्या सरकारी घरापेक्षा ऐसपैस ठरतं.

कारखान्यात तयार केलेल्या भिंतींचंही सरकारला वावडं नाही. १ जानेवारी २०२१ रोजी देशातल्या सहा शहरांत लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी झाली, त्यांत इंदूरही होतं. इथल्या प्रकल्पातली १,०२४ घरं स्टीलच्या सांगाड्यावर तयार सँडविच पॅनेल बसवून बांधायची असं ठरलं. त्यामुळे ‘प्रीफॅब आहे म्हणून परवानगी मिळत नाही’ हे बरोबर नाही.

मुळात लहान जागेत राहणं आपल्याला नवीन कुठे आहे? रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या वाड्यांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सहा-सात माणसं राहिली. चौक, विहीर, संडास सगळ्यांचे मिळून होते. खोली लहान होती, पण वाडा मोठा होता. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मग नियम नेमके कशाला अडवतात?

‘नियमात बसत नाही’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिली झोनिंग. शहराच्या नकाशावर राहायचं कुठे, बाजार कुठे, कारखाने कुठे, शेती आणि हरित पट्टा कुठे, हे आधीच ठरवून रंग भरणं म्हणजे झोनिंग. मध्य प्रदेशात हे काम १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याखाली होतं. ते करणाऱ्या खात्याला आपण टीएनसीपी म्हणतो आणि त्याने केलेल्या नकाशाला मास्टर प्लॅन. इंदूरचा २०२१ पर्यंतचा मास्टर प्लॅन १ जानेवारी २००८ पासून लागू झाला.

दुसरी गोष्ट प्लॉटची. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो एफएआर. हजार फुटांच्या प्लॉटला समजा दीड एफएआर असेल, तर सगळे मजले मिळून पंधराशे फूट. चारी बाजूंनी जी जागा मोकळी सोडायची ती एमओएस. रस्ता किती रुंद हवा, मोठ्या प्लॉटचे तुकडे पाडता येतात का, हेही याच गटात येतं. हे सगळं मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ मध्ये आहे.

तिसरी गोष्ट घराच्या आतली: खोली केवढी, छत किती उंच, खिडक्या किती.

टायनी हाउसची चर्चा सगळी या तिसऱ्या गोष्टीभोवती फिरते. इंदुरात माणूस अडकतो तो पहिल्या दोहोंत. पण तिसरीत एक गंमतशीर बारकावा आहे, तो आधी पाहून घेऊ.

कंटेनरला टेप लावून पाहा

यातली पुष्कळ घरं मालवाहू कंटेनरचीच केलेली असतात. वीस फुटी कंटेनर आतून मोजला तर साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच भरतो. आता नॅशनल बिल्डिंग कोड काढा. हा कोड स्वतः सक्ती करत नाही, राज्यं त्यातल्या तरतुदी आपापल्या नियमांत घेतात. त्यात म्हटलं आहे की घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची हवी, रुंदी किमान २.४ मीटर आणि छताची उंची किमान २.७५ मीटर.

कंटेनरचं क्षेत्रफळ जवळजवळ १४ चौरस मीटर येतं. संडास-बाथरूमला २.८ चौरस मीटर काढले तरी खोली ९.५ पेक्षा मोठीच राहते. क्षेत्रफळात तो आरामात पास होतो, पण रुंदीत पाच सेंटीमीटरने नापास. आतून उष्णतारोधक थर आणि प्लाय लावलं की आणखी आठ-दहा सेंटीमीटर जातात. उंचीत तर फूटभर कमी पडतो. ‘हाय क्यूब’ नावाचा उंच कंटेनर येतो, तोही आतून २.७ मीटरच्या आसपासच. एसी खोलीसाठी कोड २.४ मीटर उंची चालवून घेतो, साधा कंटेनर तिथेही एका सेंटीमीटरने हुकतो.

पाच सेंटीमीटरसाठी घर नाकारणं मला पटत नाही. पण उंचीचा नियम मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. कंटेनरचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. आपल्या माळव्यातला मे महिना आठवा, दुपारी तीनला पारा चाळिशीच्या वर, आणि डोक्यावर हातभर अंतरावर तापलेलं लोखंड. छताला पंखा लावावा तर हात वर करायची सोय नाही. उंच छत आणि समोरासमोर खिडक्या हे विजेच्या मीटरला हात न लावता घर गार ठेवायचे उपाय आहेत. जे ते काढून टाकतात त्यांना दिवसभर एसी चालवावा लागतो, आणि वीज गेली की त्या घरात बसवत नाही. कारखान्यातून घर मागवायचंच असेल तर मालाच्या कंटेनरपेक्षा राहण्यासाठीच आखलेलं, पॅनेलचं, सव्वानऊ फूट छताचं घर मागवावं. नियमातही बसतं आणि अंगालाही मानवतं.

हे नियम आले तरी कुठून?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसं पटापट गेली. १८९८ मध्ये तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, तो देशातला पहिला. खिडकी, मोकळी जागा, संडास यांची सक्ती लोकांच्या जिवाच्या भीतीतून आली आहे.

इंदूरचा या कथेत मोठा मान आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी इथे काम करत होते आणि १९१८ मध्ये त्यांनी शहराच्या विकासावर दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगने धास्तावलेल्या गावात त्यांनी दिवाळीची मिरवणूक आखली. मिरवणूक कुठून जाणार? ज्या मोहल्ल्यांतली घरं सर्वांत जास्त झाडून-दुरुस्त करून झाली असतील तिथून. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. गाव झाडून निघालं. आज स्वच्छतेत पहिल्या नंबरासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराने ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

त्याच गेडिसचं आणखी एक म्हणणं होतं. सरळ रुंद रस्त्याच्या हट्टापायी अख्खा मोहल्ला पाडू नका. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, उजेड-वारा आत येऊ द्या, बाकीचं गाव राहू द्या. नियम माणसासाठी कसा वाकवायचा याचा हा धडा शंभर वर्षांपूर्वी इंदुरातही लिहिला गेला.

अमेरिकेत मात्र झोनिंगमध्ये आरोग्याबरोबर आणखीही एक गोष्ट शिरली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने शहरभराचे झोन आखले. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं, आणि त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटला चक्क परोपजीवी म्हटलं. पुढे किती तरी गावांनी प्लॉट अमुक एकरापेक्षा लहान नको, घर अमुक फुटांपेक्षा लहान नको, असे नियम केले. त्यातले कित्येक आरोग्यासाठी नव्हते. कमी पैसेवाला शेजारी नको, एवढाच त्यांचा अर्थ होता.

आपल्या नियमांकडेही असंच निवडून पाहावं. एखादी अट उजेड, पाणी, सांडपाणी, आग यांसाठी असेल तर ती मानावी. फक्त ऐपत तपासायला असेल तर तिच्याविरुद्ध बोलावं.

‘माझी जमीन, माझा डबा. परवानगी कशाला?’

कारण कायद्याच्या लेखी तो डबा इमारतच आहे. नॅशनल बिल्डिंग कोडच्या व्याख्येत कोणत्याही कामासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना म्हणजे इमारत. महानगरपालिकांसाठीच्या आपल्या राज्याच्या १९५६ च्या कायद्यातही झोपडी, शेड येतात, आणि साहित्य वीट असो, लाकूड असो, माती असो की धातू, सुटका नाही. ‘स्लॅब टाकला नाही म्हणजे बांधकाम नाही’ ही समजूत इंदुरात फार पसरली आहे. विक्रेताही ती पसरवतो, कारण त्याचं काम डबा उतरवून संपतं. नोटीस येते ती जमिनीच्या मालकाला.

नक्शा पास करणं तितकं भयंकरही नाही. मंजूर कॉलनीतला प्लॉट असेल तर लहान घराचा नक्शा ऑनलाइन दाखल होतो, आर्किटेक्ट तो करून देतो. भीती वाटायला हवी ती प्लॉटच्या कागदांची.

‘चाकं लावली तर?’

ही युक्ती अमेरिकन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा राज्यात जे शेफर नावाच्या गृहस्थांनी शंभर चौरस फुटांच्या आतबाहेरचं घर बांधलं. एवढं लहान घर किमान आकाराच्या नियमात बसेना, म्हणून त्यांनी ते ट्रेलरवर उभारलं. चाकांवर आलं की ते घर न राहता वाहन झालं. अमेरिकन टायनी हाउस बहुतेक साडेआठ फूटच रुंद का असतं याचंही उत्तर तिथल्या रस्त्यांच्या नियमात आहे, त्याहून रुंद वाहनाला खास परवाना लागतो.

पण चाकांनी प्रश्न सुटला नाही, फक्त दुसऱ्या खिडकीवर गेला. वाहन ठेवता येतं, त्यात कायम राहता येतं असं नाही, असं अनेक गावांनी बजावलं. मग गावागणिक झगडे झाले. टेक्सासमधल्या स्पर नावाच्या हजारेक वस्तीच्या गावाने २०१४ मध्ये आपण टायनी हाउसचं स्वागत करतो असं जाहीर केलं, कारण गाव रिकामं होत चाललं होतं. लॉस एंजेलिसने २०१९ च्या अखेरीस घराच्या मागच्या अंगणात चाकांवरच्या छोट्या घराला मान्यता दिली, पण वीज, पाणी, ड्रेनेज जोडण्याच्या अटीवर. टायनी हाउसच्या परिशिष्टाचंही तसंच आहे. त्याने छताची उंची दोन मीटरपर्यंत खाली आणली, पण झोपायच्या पोटमाळ्यातून आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी सक्तीची ठेवली. आणि ज्या राज्याने, ज्या गावाने ते परिशिष्ट स्वीकारलं तिथेच ते चालतं. ‘अमेरिकेत सगळं चालतं’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आपल्याकडे वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे तिथल्याइतकीच. पण घरी किंवा गॅरेजात जोडलेला ट्रेलर आरटीओत सहज नोंदवला जात नाही, त्याला मंजूर नमुना आणि तपासणी लागते. बरं, नोंदवलाच, तर दुसरा पेच. गृहकर्ज मिळतं स्थावर मालमत्तेवर, आणि स्थावर म्हणजे जमीन आणि जमिनीला कायमचं जखडलेलं जे काही ते. नियम चुकवायला घर जंगम करावं, तर बँक त्याला घर मानत नाही. पत्ता, मीटर, नळ या सगळ्यांना खाली जमिनीचाच कागद लागतो. सहलीसाठी कॅरव्हॅन ठीक आहे, म्हातारपणाची सोय म्हणून मी कोणाला सुचवणार नाही.

खरी फसगत कुठे होते

शहराबाहेर पाटीवर लिहिलेलं असतं: ‘डायव्हर्टेड प्लॉट’. आपला माणूस हा शब्द वाचून निश्चिंत होतो. डायव्हर्शन म्हणजे शेतीची जमीन दुसऱ्या कामाला वापरणार, अशी महसूल खात्यात झालेली नोंद आणि त्याप्रमाणे बसलेली आकारणी. त्याने मास्टर प्लॅनमधला झोन बदलत नाही, कॉलनी मंजूर होत नाही आणि नक्शाही पास होत नाही. तीन निरनिराळ्या दारांपैकी एकाची किल्ली दाखवून तिन्ही उघडी आहेत असं भासवलं जातं.

पुढची पायरी अशी. कॉलोनाइजर दोन-तीन बिघे घेतो, मुरूम टाकून रस्ता दाखवतो, चुन्याने १५ बाय ४० चे चौकोन आखतो. टीएनसीपीकडून लेआउट मंजूर नाही, बागेची जागा नाही, ड्रेनेज नाही. रजिस्ट्री होते ती कधी अख्ख्या खसऱ्यातल्या (सर्व्हे नंबरातल्या) अविभाजित हिश्श्याची, म्हणजे तुमचा तुकडा कुठला हे कागदावर नसतंच. कधी तर नुसत्या नोटरीवर व्यवहार उरकतो. अशा ठिकाणी वीट-सिमेंटचं घर बांधायला लोक कचरतात. टायनी हाउसची जाहिरात नेमकी हीच भीती घालवते: बांधायचं कुठे आहे, ठेवायचंच तर आहे!

म्हणून मला ही लाट काळजीची वाटते. लहान घराची इच्छा चांगली आहे, पण तिच्या आडून न विकला जाणारा प्लॉट विकला जातो. डबा उद्या उचलून नेता येईल, जमिनीत गेलेले पैसे नाही.

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात राहायला घर बांधणं वेगळं, त्याला परंपरेनेही आणि नियमानेही वाट आहे. शहरी माणसाने शेतातल्या चतकोर तुकड्यावर शनिवार-रविवारसाठी घर ठेवणं वेगळं. शेती झोनमधल्या फार्महाउसला जमिनीच्या किमान क्षेत्राची अट असते, आणि हजार फुटांचा तुकडा तिच्या आसपासही पोचत नाही.

‘एवढ्याशा घराचा शहरावर कसला भार?’

हा आक्षेप मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. रेल्वेचं उदाहरण घ्या. आपण अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जातो. बर्थ केवढा असतो? सहा फूट लांब, दोन फूट रुंद, आणि त्यात रात्र सुखाने जाते. कारण बर्थ मोजलेले असतात, त्यांच्यासाठी पाण्याची टाकी भरलेली असते, दोन्ही टोकांना मिळून चार संडास असतात, मधून चालायची वाट असते. त्याच डब्यात दीडशे माणसं चढली की बर्थ तेवढाच राहूनही प्रवास नरक होतो. त्रास बर्थच्या आकाराचा नसतो, मोजणी चुकल्याचा असतो.

शहराचंही गणित घरांच्या संख्येवर चालतं, चौरस फुटांवर नाही. तीनशे फुटांच्या घरातला माणूसही रोज आंघोळ करतो, संडासला जातो, दुचाकी लावतो. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, माळव्याच्या पठारावर पंपाने चढवून. त्याचा प्रत्येक थेंब महाग आहे. जिथे नर्मदेची लाइन नाही तिथे बोअर आणि टँकर. आणि सांडपाणी? विक्रेता सांगतो, ‘सेप्टिक टँक बसवून देतो.’ टँकमधून निघालेलं पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं. आपली काळी माती पाणी लवकर जिरू देत नाही. एकट्या घराच्या खड्ड्याला मोठं आवार असेल तर निभावतं. १५ बाय ४० च्या पन्नास प्लॉटांवर पन्नास खड्डे आणि पन्नास बोअर शेजारी-शेजारी असतील, तर एकाचं घाण पाणी दुसऱ्याच्या बोअरमध्ये जायला वेळ लागत नाही. हीच काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे हलक्या डब्यालाही नुसत्या चार ठोकळ्यांवर ठेवून भागत नाही. दोन वर्षांत दारं अडकायला लागतात.

जुन्या वाड्याचा फरक इथेच. बिऱ्हाडं लहान होती, पण चौक, विहीर आणि मोरीचं पाणी वाहून नेणारी वाट सगळ्यांची मिळून होती. त्या संडासांचं कौतुक मी करणार नाही, त्यांनी लोकांचे हाल केले. पण छोट्या घरांना मोठं आवार लागतं हे वाडा बांधणाऱ्याला कळत होतं.

‘झोपड्या चालतात, मग आम्हीच काय घोडं मारलं?’

चालतात असं म्हणणं बरोबर नाही, त्या वेळोवेळी हटवल्या जातात आणि तिथली माणसं फार सोसतात. १९८४ च्या राज्याच्या कायद्याने शहरातल्या भूमिहीनांना, ते राहत असलेल्या सरकारी जागेचे पट्टे देण्याची सोय केली. ज्याला दुसरी जागाच नाही त्याच्यासाठी ती आहे. शहरात घर असताना दुसरं घर ठेवायचं आहे त्याने स्वतःची तुलना त्याच्याशी करू नये, एवढंच सांगतो.

मग लहान घर हवं असेल तर करायचं काय?

बहुतेक कुटुंबांसाठी उत्तर शहराबाहेर नाहीच, ते वडिलोपार्जित प्लॉटवर आहे. राजेंद्र नगरमधला जुना ३० बाय ५० चा प्लॉट घ्या. खाली आई-वडील, वर एक मजला, आणि एफएआर अजून शिल्लक. तो शिल्लक एफएआर वापरून, एमओएस न खाता, मंजूर नक्शावर वेगळा जिना आणि वेगळं स्वयंपाकघर असलेली साडेतीनशे फुटांची जागा करता येते का, हे आर्किटेक्टला आधी विचारा. वर हलकं पॅनेलचं बांधकाम असेल तर जुन्या पायावर भारही कमी येतो, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्याच. पाणी, ड्रेनेज, कचरागाडी, दवाखाना सगळं जागेवर आहे. म्हातारपणी हाकेच्या अंतरावर माणूस असतो, हे मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. एकट्या डब्यात ते मिळत नाही.

नियमांत बदल हवेत ते असे मला वाटतं. खोलीच्या रुंदीची काटेकोर मोजमापं सैल करावीत, आणि त्याऐवजी घर उन्हाळ्यात किती तापतं, खिडक्या किती आणि समोरासमोर आहेत का, हे तपासावं. मोठ्या प्लॉटवर मुख्य घराच्या मागे एक छोटं स्वतंत्र घर सरळ परवानगीने होऊ द्यावं, कॅलिफोर्नियाने गेल्या दशकात तेच केलं. आणि लहान घरांच्या समूहाला एकत्रित लेआउट म्हणून मान्यता द्यावी: सामायिक सांडपाणी शुद्धीकरण, सामायिक पार्किंग, मधे मोकळं आवार. शहराबाहेर कोणी वीस-पंचवीस निवृत्त मंडळींनी मिळून जमीन घेतली तर त्यांना अवैध कॉलनीचा रस्ता धरावा लागू नये.

तोवर प्लॉट पाहायला जाताना खसरा क्रमांक घ्या आणि मास्टर प्लॅनमधला त्याचा भूमी उपयोग टीएनसीपीकडून लेखी मागा. लेआउटच्या मंजुरीची प्रत आणि कॉलनीची विकास परवानगी पाहा. अगदी लहान प्रकल्प सोडले तर कॉलनीला रेराची, म्हणजे बिल्डर-कॉलोनाइजरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, नोंदणी लागते, तो क्रमांक राज्य रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, एजंटच्या मोबाइलवरचा फोटो पुरेसा नाही. रजिस्ट्रीच्या मसुद्यात चतुःसीमा लिहिल्या आहेत की नुसता ‘अविभाजित हिस्सा’, ते वकिलाकडून वाचून घ्या. घराच्या कॅटलॉगकडे त्यानंतर वळा.

आणखी एक काम आहे, ते आपण मराठी मंडळी सहसा करत नाही. २०२१ च्या मास्टर प्लॅनची मुदत सरून गेली आहे. १९७३ च्या कायद्याप्रमाणे नव्या प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. बिल्डर आणि मोठे जमीनमालक त्या ३० दिवसांत हमखास अर्ज देतात. मागच्या अंगणातलं दुसरं छोटं घर आणि लहान घरांचा समूह-लेआउट, एवढे दोन मुद्दे साध्या कागदावर लिहून, सह्या करून, आपापल्या मोहल्ल्यातून द्यायला आणि पोच घ्यायला कोणाचीच ओळख लागत नाही.